बापूजींची जेवणाची सुट्टी

प्रफुलला सिरोंच्याला बदली नको होती, एवढ्या एकाच कारणासाठी त्याने कॉम्प्युटरला काम शिकवायला घेतलं. २००७ सालच्या वार्षिक अहवालात त्याला 'आधुनिकीकरण' असं नाव मिळालं, ते वेगळं.

काम असं होतं. चंद्रपूरच्या मुख्य कार्यालयाखाली नऊ तालुका कार्यालयं. प्रत्येक ठिकाणी बाहेरच्या घुसखोरांना अडवणारी एक फायरवॉल, म्हणजे पहारेकरी. आणि कोणाला आत सोडायचं हे त्या पहारेकऱ्याला सांगणारा एक सर्व्हर, म्हणजे मुकादम. दर तीन महिन्यांनी नियम बदलत. मग प्रफुल रजिस्टर काखेत मारून चिमूरपासून सिरोंच्यापर्यंत एसटीने फिरे आणि प्रत्येक मुकादमाला तेच एकशे बारा नियम हाताने टाइप करून सांगे. सिरोंचा येईस्तोवर त्याची पाठ त्याची राहत नसे.

साहेबांना त्यावर तोडगा सुचला. "तुम्ही सिरोंच्यालाच राहा ना. चार तालुके तिकडून जवळ पडतात."

बायको कुंता चंद्रपुरात सकाळच्या शाळेत बाई होती. ती म्हणाली, "जा ना, मी कुठी अडवून राह्यली? मी मात्र इथीच."

तेव्हा प्रफुलने महिनाभर बसून एक स्क्रिप्ट लिहिली. चंद्रपुरात बटण दाबायचं, सगळे नियम लाइनवरून जाऊन आपोआप बसतील. साहेब म्हणाले, "सोमवारी दोन वाजता दाखवा. सिरोंच्यात बसलं तर बदली रद्द. नाही तर मंगळवारची बस."

सोमवारी साडेअकराला, रंगीत तालीम म्हणून, त्याने फक्त सिरोंच्यापुरतं बटण दाबलं. स्क्रिप्टचा पहिला नियम होता, आधी सगळ्यांना बंद. ज्यांना सोडायचं त्यांची यादी त्यानंतर. सिरोंच्याच्या मुकादमाने पहिला नियम इतक्या इमानदारीने पाळला, की दुसरा सांगायला आलेल्या प्रफुललाच दारातून हाकललं. 'सगळ्यांना' यात चंद्रपूरही येतं, हे त्याला महिनाभरात सुचलं नव्हतं.

एकच आशा होती. नियम कायम करायचा आदेश स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत होता, आणि गाडी तिथवर गेलीच नव्हती. मशीन एकदा बंद करून चालू केलं, तर ते जुने नियम घेऊन उठलं असतं. त्याने सिरोंच्याला फोन लावला. बाकी सगळे मीटिंगला गेलेले. शिपाई बापूजी एकटेच होते.

"बापूजी, त्या काळ्या मशीनचं बटन बंद करा अन् पुन्हा चालू करा."

"ते जमत नाई, प्रफुलभाऊ."

"काऊन?"

"तुमचंच परिपत्रक हाय. मशीनले कोणी हात लावू नये. भिताडावर चिपकवलं मी. हे तिसरं हाय. पहिल्या दोनाच्या टायमाले तुमी मले किती बोलले होते."

"आता मीच सांगून राह्यलो ना."

"तोंडी आदेश चालत नाई. कलम चार."

कलम चार प्रफुलनेच, कागदाला जरा रुबाब यावा म्हणून घातलं होतं. लेखी आदेश फॅक्सने पाठवता आला असता, पण त्याला साहेबांची सही लागते, आणि सहीआधी साहेब कागद वाचतात. हा त्यांच्यातला एकमेव दोष.

प्रफुलने स्क्रिप्ट दुरुस्त केली. आधी चंद्रपूरला सोडा, मग बाकीच्यांना बंद. पण दुरुस्त स्क्रिप्ट आत न्यायची कुठून? साडेबाराला त्याने घरी फोन करून मोठी बॅग कुठे आहे ते विचारलं. "माळ्यावर," कुंता म्हणाली. कशाला हवी, ते तिने विचारलं नाही.

एक वाजून पंचवीस मिनिटांनी, करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून, त्याने पुन्हा बटण दाबलं. स्क्रीनवर ओळी सरकू लागल्या. एकशे बारापैकी एकशे बारा. नियम कायम. प्रफुलने खुर्चीला पाठ टेकली, सकाळपासून पहिल्यांदाच.

मग त्याने फोन लावला. "बापूजी, मशीन बंद केली होती का तुमी?"

"आपण कागदाच्या बाहेर जात नाई."

"मग बंद कशी झाली?"

"बोर्ड एकच हाय ना. जेवाच्या सुट्टीत मशीनची पिन काढतो, शेगडीची लावतो. सालन गरम झालं का मशीनची वापस लावतो. मशीनले हात नाई लावत."

"रोज?"

"इतवार सोडून."

चौथ्या परिपत्रकाचा मजकूर प्रफुलच्या मनात आपसूक जुळत आला होता. तो त्याने सोडून दिला. "कायचं सालन होतं, बापूजी?"

"झिंग्याचं. या कधी."

"येतो," तो म्हणाला, आणि आता ते म्हणायला काही हरकत नव्हती.

दोन वाजता साहेबांसमोर त्याने बटण दाबलं. साहेब म्हणाले, "एवढंच?" प्रफुल म्हणाला, "एवढंच." बदली रद्द झाली.

उरलेल्या आठ कार्यालयांकडे वळण्याआधी त्याने स्क्रिप्टमध्ये एक भर घातली. नवे नियम बसल्यावर दहा मिनिटांत चंद्रपूरशी बोलणं झालं नाही, तर मशीनने आपण होऊन बंद व्हावं आणि जुने नियम घेऊन उठावं. प्रोग्रामच्या अशा तुकड्याला नाव द्यावं लागतं. त्याने 'बापूजी' दिलं.

संध्याकाळी घरी बॅग दारातच होती. पुसलेली.

"ठेव वापस माळ्यावर," तो म्हणाला.

"तुमीच ठेवा," कुंता म्हणाली. "काढताना माह्या पाठीत चमक भरली."