थोरल्याला कोणी बोलवायचं

बाईंनी बापाच्या हनुवटीवर कापसाची दाढी दाबून धरली आणि डिंक वाळेपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं त्याला बजावलं. बाप पाच वर्षांचा होता. बोलायचा मात्र पेन्शनीत निघालेल्या माणसासारखा, त्यामुळे चर्चच्या त्या बालवाडीत त्याला सगळे ‘आजोबा’च म्हणत. रविवारी पालकांसमोर बायबलमधली, बापाचा पैसा उडवून डुकरं राखायची पाळी आलेल्या आणि शेवटी घरी परतणाऱ्या उधळ्या मुलाची गोष्ट करून दाखवायची होती आणि तालीम काही डुकरांच्या पुढे सरकत नव्हती. डुक्कर व्हायला अर्धा वर्ग तयार होता. उधळ्या मुलगाही घरी परतायचं नाव काढेना, कारण डुकरांतच त्याचं बरं चाललं होतं.

“भिंगरी,” बाई म्हणाल्या, “आत्यांना जाऊन सांग, अंगरख्याची बाही लांब होतेय.”

गोष्टीत नोकर झालेली भिंगरी अंगरखा घेऊन पळाली. स्वयंपाकघर हॉलला लागूनच होतं. मधे एकच दार, आणि तेही सताड उघडं. बाईंचं बोलणं आतल्या माणसाला ऐकू गेलेलंच असे. तरी भिंगरीने ते पुन्हा सांगितलं आणि परत येऊन कळवलं, “आत्या म्हणतात, दुमडून देते.”

आत्या म्हणजे बाईंची थोरली नणंद. बाईंचा मुलगा लहानपणी म्हणायचा म्हणून सगळी बालवाडीही त्यांना आत्याच म्हणू लागली. दोघींनी मिळून ही बालवाडी उभी केली होती. प्रार्थना, गोष्टी, अक्षरं बाईंकडे. दूध, शिवणटिपण आणि फुटलेले गुडघे आत्यांकडे. पण गेल्या वर्षी बाईंच्या सासूबाई, म्हणजे आत्यांची आई, वारल्या. दफन आटोपून माणसं घरी जमली असताना, भरल्या घरात आत्या बोलून गेल्या, की आईला शेवटी दोन घास भरवायलाही कुणाला वेळ नव्हता. सबंध आजारपणभर बाईंनी त्यांना स्वतःच्या हाताने भरवलं होतं. बाई त्यावर काही बोलल्या नाहीत, आणि तेव्हापासून आत्यांशी काहीच बोलल्या नाहीत. बालवाडी बंद ठेवून चालणार नव्हतं, म्हणून दोघी मुलांकरवी निरोप पाठवू लागल्या. पुढे त्याचं कुणाला काही वाटेनासं झालं.

याच बाई रोज सकाळी मुलांना हात जोडायला, डबा वाटून खायला आणि भांडण झालं तर आपण होऊन हात पुढे करायला शिकवत. छान शिकवत. मुलं खरोखर हात पुढे करत, कधी कधी दुसऱ्याला ढकलून आधी करत.

सोमवारी पाळकसाहेबांनी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं, की कार्यक्रम झाला की आत्या मुलीकडे कायमच्या राहायला जाणार आहेत. त्यांना आत्या हव्या होत्या. नुसत्या बालवाडीसाठी नव्हे, तर सासूबाईंची आठवण काढायला दुसरं कोणी उरलंच नव्हतं म्हणून. एकदा तोंडाने ‘थांबा’ म्हटलं की झालं असतं. पण लागेल असं बोलल्या आत्या, म्हणून आधी यायचंही आत्यांनीच, इथे येऊन बाईंचं घोडं अडत होतं.

“चला,” बाई टाळी वाजवून म्हणाल्या. “धाकटा घरी आलाय. जेवणं चाललीत. थोरला रुसून बाहेर उभा आहे. आता बाप काय करतो?”

थोरल्याचं काम बेकरीवाल्याच्या मुलाकडे होतं. त्याला रुसणं शिकवावं लागलं नव्हतं. तो हॉलच्या दाराबाहेर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बापाने इथे उठायचं, बाहेर जायचं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, असं ठरलं होतं.

आजोबा खुर्चीतून हलले नाहीत. त्यांनी दाढी सावरली आणि नोकराला हाक मारली.

“भिंगरी, थोरल्याला सांग, बाबा म्हणतात, आत ये.”

भिंगरी बाहेर जाऊन आली. “तो म्हणतो, मला भूक नाही.”

“मग त्याला सांग, नसेल तर राहू दे.”

भिंगरी पुन्हा निघाली. कुणी हसलं नाही, कुणी चुकलं म्हणालं नाही. डुकरंसुद्धा शहाण्यासारखी उत्तराची वाट बघत बसली होती.

“अरे, असं नाही,” बाईंना हसू आलं. “बापाने स्वतः उठून जायचं.”

“पण रुसलाय तो,” आजोबा म्हणाले. “त्याने यायचं.”

“तो नाही आला तर?”

“तर निरोप द्यायचा.” न समजणाऱ्या माणसाला समजावतात तशा आवाजात तो म्हणाला, “रुसल्यावर बोलायचं नसतं, बाई.”

“हे कुणी शिकवलं तुला?”

त्याने बाईंकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे, आणि पुन्हा बाईंकडे. बाई आपली थट्टा करतायत की काय, ते त्याला कळेना. आतलं शिवणयंत्र थांबलं होतं.

बाईंना भयंकर लाज वाटली. आलेच, म्हणून त्यांनी मुलांना सांगितलं आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या.

आत्या खिडकीशी पाठमोऱ्या बसल्या होत्या. वर्षभरात त्या दारातून मुलांशिवाय कोणी आत आलं नव्हतं, त्यामुळे त्यांनी वळून पाहिलं नाही.

“भिंगरी, बाईंना सांग, बाही झाली,” त्या म्हणाल्या. “आणि सांग...” त्या दोरा तोडत थांबल्या. “नको. एवढंच सांग.”

“आणि काय?” बाई म्हणाल्या.

आत्यांचा हात यंत्राच्या चाकावर तसाच राहिला.

“आईला तूच भरवत होतीस,” अंगरख्याकडे बघतच त्या म्हणाल्या. “मला तेव्हाही माहीत होतं. माझ्याने तिच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून मी यायचं टाळायचे. आणि ते सगळं तुझ्यावर ढकललं.”

“फार लागलं मला ते, ताई.”

“माहीत आहे.”

“मग आला का नाहीत? वर्षभर वाट पाहिली मी.”

“कुठल्या तोंडाने येणार होते?”

बाईंनी डोळे पुसले. त्यांना अजून राग होता, आणि तो लगेच जाणार नाही हेही कळत होतं. तरी त्या म्हणाल्या, “जाऊ नका.”

“पोरीने खोली रिकामी करून ठेवलीय. तिला आता काय सांगू?”

बाईंनी खिडकीतला आत्यांचा फोन उचलून त्यांच्या हातात दिला. आत्यांनी नंबर लावला. पलीकडे मुलगी एकदम बोलायला लागली, गाडीचं, सामानाचं, कोण न्यायला येणार त्याचं. आत्यांनी तिला बोलू दिलं.

“ऐक, मी येत नाहीये,” मग त्या म्हणाल्या. “अगं, तुझी मामी नको म्हणतेय.”

आत्यांनी एकदा बाईंकडे पाहिलं आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.

“मामीचं जाऊ दे,” त्या म्हणाल्या. “मलाच नाही यायचं.”