घडी रात्री कुठे जाते

वय विचाराल तर मला तेरा वर्षे झाली, मित्रांनो. मांजरांच्या जगात मी आता आजीबाई आहे. उजवा कान फाटका, मागचा डावा पाय जरा ओढत चालणारा, आणि पाठीवरचा काळा रंग धुऊन धुऊन विटलेल्या कपड्यासारखा. देखणी मी कधीच नव्हते. पण माझ्या आयुष्यात एक वर्ष असे आले की दिवसाची मांजर होते ती मी रात्रीची झाले. का झाले, ते सगळ्यांना कळायला बरेच दिवस लागले. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगते.

माझा जन्म एका मोठ्या लाँड्रीत, कपडे वाळवण्याच्या यंत्रामागे झाला. तिथे हॉटेलांच्या चादरी धुवायला येत. आईने माझ्या भावंडांना एकेक करून मानेला धरून दुसरीकडे नेले. मी मात्र ऊब सोडून हलायला तयार नव्हते. मी सरळ घड्या घातलेल्या पांढऱ्या चादरींच्या थप्पीत शिरले आणि झोपले. सकाळी गाडीत थप्प्या भरायला ड्रायव्हर आला. त्याने वरची चादर उचलली तर खाली मी.

"आता ही सगळी थप्पी परत धुवावी लागणार," लाँड्रीचा मालक वैतागून म्हणाला.

"धुवा तुम्ही. हिला मी नेतो," ड्रायव्हर म्हणाला आणि त्याने मला सदऱ्याच्या आत घातले.

तेच आमचे बाबा. त्यांच्या मुलीला घरात सगळे चिमणी म्हणत. ती तेव्हा पाच वर्षांची होती. चिमणी आणि मांजर एका घरात नांदणार कशा, असे शेजारच्या काकू हसून विचारत. आम्ही दोघी छान नांदलो. चादरीच्या घडीत सापडले म्हणून तिनेच माझे नाव घडी ठेवले. चिमणीची आई घरी बसून पडदे शिवायची. तिच्या मशीनखाली चिंध्यांची टोपली असे. ती टोपली माझी झाली.

तेव्हाचा माझा दिनक्रम घड्याळासारखा होता. सकाळी आईने मागचे दार उघडले की मी बाहेर. कुंपणाच्या भिंतीवरून चालत सायकल दुरुस्तीच्या दुकानापर्यंत जायचे, तिथल्या पत्र्यावर ऊन खायचे, दुपारी घरी येऊन चार घास खायचे, पुन्हा जायचे. संध्याकाळी गल्लीच्या टोकाला लाँड्रीच्या गाडीची घरघर ऐकू आली की मी फाटकाच्या खांबावर हजर. गाडी थांबली की तिच्या तापलेल्या टपावर उडी. बाबा खाली उतरले की त्यांच्या खांद्यावर. त्यांच्या कपड्यांना साबणाचा, वाफेचा आणि डिझेलचा वास येई. रात्री मी त्यांच्या पायाशी झोपायची. अंधार पडल्यावर बाहेर काय असते, हे मला पाच वर्षे ठाऊकच नव्हते.

मग ती संध्याकाळ आली. थंडीचे दिवस होते आणि भुरभुर पाऊस पडत होता. बाबा जेमतेम घरी आले होते, तोच लाँड्रीतून निरोप आला की एक खेप राहिली आहे, लगेच या. आई आणि चिमणी दुकानात गेल्या होत्या. मी गाडीखाली, इंजिनच्या उबेत अंग मुडपून पडले होते. बाबा घाईने आले, गाडीत बसले आणि त्यांनी गाडी मागे घेतली.

दुखले असे मी म्हणणार नाही. आधी फक्त आवाज झाला. तो आवाज माझ्याच अंगातून आला होता हे मला नंतर कळले.

बाबा खाली उतरले. माझ्याजवळ गुडघ्यांवर बसले आणि बराच वेळ त्यांना हातच लावता येईना. मग गाडीतली एक कोरी चादर त्यांनी काढली, मला तिच्यात गुंडाळले आणि मांडीवर घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. राहिलेली खेप त्या दिवशी राहिलीच. रात्री मला घेऊन ते घरी आले तेव्हा चिमणी दारात उभी होती. तिला रोज सांगायची सवय होती, "बाबा, गाडी काढताना खाली बघत जा. घडी असते." त्या रात्री तिने एवढेच विचारले, "काय झालं हिला?"

बाबांनी ओठ ओले केले. "कोपऱ्यावर पडलेली सापडली. कुठल्यातरी गाडीनं उडवलं असेल."

चिमणी त्या न पाहिलेल्या गाडीवाल्याला खूप काही बोलली. बाबा ऐकत राहिले.

दीड महिन्याने हाड जुळले. पाय थोडा आखूड राहिला, पण मी पुन्हा भिंत चढायला लागले. फक्त माझे सगळे वेळापत्रक उलटे झाले. संध्याकाळी गाडीची घरघर लांबून ऐकू आली की माझे अंग आपोआप ताठ व्हायचे. मागच्या दाराने मी जी सुटायची, ती थेट सायकलवाल्याच्या पत्र्यावर. गाडी रात्रभर फाटकाशी उभी, म्हणून मी रात्रभर बाहेर. घरातले दिवे मालवले की भिंतीवरून उतरून मागच्या पायरीवर यायचे, वाटीत असेल ते खायचे आणि पुन्हा पसार व्हायचे. सकाळी गाडी कामावर निघून गेली की मी घरात शिरायची आणि दिवसभर टोपलीत मेल्यासारखी झोपायची.

मित्रांनो, मी बाबांवर रागावले नव्हते. मांजराला राग धरून ठेवता येत नाही, आम्हाला ती कला अवगत नाही. पण अंगाला एकदा भीती बसली की ती मनाला विचारून येत नाही. बाबांचा वास आणि त्या गाडीचा वास एकच होता. ते जवळ आले की माझे पाय पळायचे, मी नाही.

रात्रीचे जग सोपे नव्हते. पायरीखालची घूस माझ्याएवढी होती. शिवाय गल्लीत एक पिवळा बोका होता, तो पत्रा स्वतःच्या वाडवडिलांचा असल्यासारखा वागायचा. एका रात्री त्याने माझा कान फाडला. लंगड्या पायाने पळायला मी कमी पडले. कान चिघळला, ताप आला, आणि दोन दिवस मी मशीनखालून उठले नाही.

घरात माझ्यावर चर्चा सुरू झाल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तिला बाहेरची चटक लागली. आता ती तुमची राहिली नाही." आईने एकदा संध्याकाळपासूनच दारे-खिडक्या लावून घेतल्या. गाडी आली आणि मला पळायला वाट मिळेना. मी पडद्यावर चढले. तो पडदा गिऱ्हाइकाचा होता, दुसऱ्या दिवशी न्यायचा होता. वरपासून खालपर्यंत त्याच्या चिंध्या झाल्या. आई कपाळाला हात लावून बसली. "हिचं नाव घडी, आणि घराची घडी हिनंच विस्कटली," ती म्हणाली.

"दार उघड," बाबा म्हणाले. "तिला जायचंय तर जाऊ दे."

त्यानंतर बाबा रोज जेवण झाले की मागच्या पायरीवर येऊन बसायचे. मासळीचा तुकडा वाटीत ठेवायचे आणि वाट बघायचे. मी भिंतीवरून त्यांच्याकडे बघायची. ते उठून आत गेले, कडी लागली, की मग मी खाली उतरायची. एका माणसाला रोज तासभर ताटकळत ठेवण्याइतकी मी निष्ठुर नाही, पण पायांपुढे माझे काही चालत नव्हते.

अखेर आईने ठरवले की मला मावशीकडे द्यायचे. मावशी पाचव्या मजल्यावर राहायची, तिथे बाहेर जायचा प्रश्नच नव्हता.  चिमणी तडक डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी तिला सांगितले, "तीन आठवडे थांबायला सांग आईला. घडी कधी बाहेर जाते, कधी येते, सगळं वहीत लिहून आण. जनावर उगाच सवय बदलत नाही."

चिमणी लिहू लागली. खिडकीशी बसून, झोप आवरत, गजर लावून पहाटे उठून. पानापानावर माझे जाणे-येणे. आई म्हणायची, एवढा अभ्यास केला असता तर वर्गात पहिली आली असती.

तीन आठवड्यांनी चिमणीने मला झोपेतच झाकणाच्या टोपलीत घातले आणि बाबा ती उचलून चालत दवाखान्यात घेऊन गेले. चिमणी वही छातीशी धरून बरोबर होती. डॉक्टरीणबाईंनी चष्मा लावला आणि पाने उलटली. एका पानावर त्या थांबल्या.

"हे चार दिवस बघ. संध्याकाळी घरात. रात्री घरात. मधेच अशी शहाण्यासारखी कशी काय वागली? घरात काही वेगळं होतं का?"

चिमणीने आठवून पाहिले. "काही नाही. आई होती, मी होते. बाबा पण होता, तो बसनं येत होता. गाडी दुरुस्तीला गेली होती ना."

हे बोलता बोलता ती स्वतःच थबकली. बाईंनी माझ्या कमरेवरून हळूच हात फिरवला आणि विचारले, "हिला ज्या गाडीनं धडक दिली ती कशी होती? कुणी पाहिली का?"

टोपलीच्या कडेवर बाबांची बोटे होती. ती आवळली गेलेली मी पाहिली.

"मी पाहिली," बाबा म्हणाले. "माझीच होती. मी खाली बघितलं नाही."

बाईंनी माझा फाटका कान उलगडून पाहिला. मग बाई शांतपणे म्हणाल्या, "हे आधी सांगितलं असतं तर बिचारीचा कान तरी वाचला असता." आणि मलमाची चिठ्ठी लिहायला लागल्या.

चिमणीने वही मिटली. घरी येताना ती दहा पावले पुढे चालत होती.

त्या रात्री मी वाटीतले खायला मागच्या पायरीवर उतरले होते, म्हणून मला स्वयंपाकघरातले बोलणे ऐकू आले. बाबांनी आईला सगळे सांगितले. आई म्हणाली, "मला त्याच रात्री कळलं होतं. कोपऱ्यावर सापडलेल्या मांजरासाठी कुणी स्वतःच्या गाडीचं चाक धूत नाही. तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

"मग मावशीकडे का पाठवत होतीस तिला?"

"रोज पायरीवर बसून तुमचा जीव कसा होतोय ते मला बघवत नव्हतं, म्हणून."

दुसऱ्या दिवसापासून गाडी आमच्या गल्लीत आली नाही. बाबांनी ती बाजारापलीकडे, पाण्याच्या टाकीजवळ उभी करायला सुरुवात केली. तिथून घर वीस मिनिटांवर. लाँड्रीतच ते हातपाय धुऊन कपडे बदलायचे. पावसात छत्री घेऊन चालत यायचे. चिमणी त्यांच्याशी बोलत नव्हती. रागाने ताट आपटणे नाही की रडणे नाही. ते खोलीत आले की ती वही उचलून दुसरीकडे जायची. बाबांनी तिची मनधरणी केली नाही. मला वाटते, आपल्याला तेवढी शिक्षा मिळायलाच हवी असे त्यांना वाटत असावे.

इकडे माझे पाय हळूहळू शहाणे होत होते. घरघर नाही, म्हणून पळणे नाही. आधी मी अंधार पडेपर्यंत मागच्या अंगणात थांबू लागले. मग पायरीवर. बाराव्या दिवशी संध्याकाळी मी कोपऱ्याच्या भिंतीवर बसले होते. कुणाची तरी पावले वाजली. साबणाचा वास आला. डिझेलचा नाही. बाबा मान खाली घालून खालून गेले.

मी उतरले आणि त्यांच्या मागे चालू लागले.

त्यांनी वळून पाहिले नाही, पण त्यांना कळले होते. कारण त्यांची पावले मंद झाली, माझ्या लंगड्या पायाला जमेल इतकी. एकदा मी दिव्याच्या खांबाशी वास घ्यायला थांबले, तर तेही थांबले आणि उगाच छत्री उघडून मिटत राहिले.

फाटकात चिमणी वही घेऊन बसली होती. तिने आधी मला पाहिले, मग बाबांना. बराच वेळ पेन्सिल चावत राहिली. मग वहीतून मान वर न करता तिने विचारले, "कितव्या खांबापासून आली तुझ्या मागे?"

"तिसऱ्या," बाबा म्हणाले.  "सायकलवाल्याच्या अलीकडे, तिसऱ्या."

चिमणीने ते लिहून घेतले आणि त्यांना बसायला थोडी सरकली.

मित्रांनो, त्यानंतर मी पुन्हा दिवसाची मांजर झाले, असे सांगितले तर तुम्हाला आवडेल. पण तसे पुरते झाले नाही. रात्रीची गोडी मला थोडी लागलीच होती. आठवड्यातून एखाद्या रात्री मी पत्र्यावर जायची, पिवळ्या बोक्याला लांबून चार शिव्या द्यायची आणि पहाटे बाबांच्या पायाशी येऊन झोपायची. मासळीच्या वाटीशी मात्र मी पुन्हा कुणाला ताटकळत ठेवले नाही.

तुमच्या घरात एखादे मांजर, कुत्रे, पोपट असेल आणि त्याचे वागणे एकाएकी बदलले, तर लहर फिरली म्हणून सोडून देऊ नका, आणि दार लावून कोंडूही नका. आम्हाला बोलता येत नाही. कधी गेलो, कधी आलो, कशाने दचकलो, तेवढेच आमचे बोलणे असते. ते थोडे दिवस लक्ष देऊन ऐका. आणि आमच्याशी वागताना तुमच्या हातून कधी चूक झाली, तर त्याच दिवशी सांगून टाका. आम्ही तुमच्याकडे परत येतोच, फक्त आमच्या पायांना थोडा वेळ द्या.