घंटा हे मूर्त नाम

मी एक घंटा आहे. पितळेची, लाकडी मुठीची, हातात धरून वाजवायची. बर्मिंगहॅमच्या एका भट्टीत ओतली गेले. तिथले कामगार शिव्या देत, पण मोठमोठे शब्द वापरत नसत.

मोठ्या शब्दांचा माणूस मला पुढे भेटला. यॉर्कशरच्या डोंगरात एक गिरणीचं गाव आहे. तिथल्या प्राथमिक शाळेत हेडमास्तर ऑल्बर्ट क्रॅबट्री यांच्या टेबलावर माझी नेमणूक झाली. मिशांना मेण, कोटाची बटणं पोटावर ताणलेली. कर्तव्य, शिस्त, धैर्य हे शब्द तो असे उच्चारी, जणू त्यानेच ते घरी बनवले होते.

व्याकरणाच्या तासाला तो मला उचलून धरी.

"हे काय?"

"घंटा, सर."

"मूर्त नाम की अमूर्त?"

"मूर्त, सर. दिसते. हात लावता येतो."

"आणि हिचा आवाज?"

एखादं पोर हमखास फसे. "अमूर्त, सर. दिसत नाही."

"गाढवा, कानाला ऐकू येतो ना? डोळा, कान, नाक, जीभ, कातडी, यांतल्या एकाला जरी कळलं तरी ते मूर्त. जे नुसतं मनाला कळतं ते अमूर्त. जसं धैर्य. धैर्य कुणी पाहिलंय?"

"नाही, सर," अख्खा वर्ग एका सुरात म्हणे.

मग तो समाधानाने मला खाली ठेवी. वर्षानुवर्षं हेच. एवढं एक उदाहरण पाठ करून माणूस हेडमास्तर होतो, हे मी तिथे शिकले.

एका नोव्हेंबरात शाळेमागच्या नदीला पूर आला. दुपारी पाणी आवारात शिरलं.

"बाकावरून कुणी उठायचं नाही," क्रॅबट्री म्हणाला. "शिस्त पाळा. मी परिस्थिती पाहून येतो."

छत्री घेऊन तो गेला. परिस्थिती बहुधा वर टेकडीवरच्या चॅपेलमध्ये असावी, कारण तो परत आला नाही.

पाणी उंबरठ्यावर आलं तेव्हा धाकट्यांच्या वर्गाच्या मिस होल्डन धावत आल्या. किडकिडीत बाई, नाकाला कायमचा रुमाल. त्यांच्याबद्दलही माझं मत फारसं चांगलं नव्हतं. मी चावेन अशा भीतीने मला धरायच्या. त्या दिवशी मात्र त्यांनी माझी मूठ घट्ट आवळली.

"एकमेकांचे हात सोडू नका," त्या म्हणाल्या. "पावसात मी दिसले नाही तरी घंटा ऐकू येईल. आवाजामागे या. हिल्डा, तू मोठी आहेस, सगळ्यांच्या मागे राहा."

एक लहानगा कडेवर, दुसऱ्या हातात मी. गुडघाभर गढूळ पाण्यातून बाई चालत होत्या आणि मला वाजवत होत्या. पोरांना चॅपेलपर्यंत पोचवून त्या पुन्हा खाली उतरल्या, कारण बाकाखाली लपलेली दोन भावंडं मागे राहिली होती. त्यांनाही आणलं.

आत क्रॅबट्री चहा पीत होता. "आलात? मी माणसं पाठवणारच होतो."

पुढे गावच्या पुढाऱ्यांनी क्रॅबट्रीला प्रसंगावधानाबद्दल चांदीचं घड्याळ दिलं. मिस होल्डन तेव्हा न्यूमोनियाने अंथरुणाला खिळल्या होत्या. त्याने भाषण केलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. माणसांच्या टाळ्यांना तोटा नसतो.

शाळा वाळली. व्याकरणाचा तास आला. मी पुन्हा हवेत.

"जसं धैर्य," तो म्हणाला. "धैर्य कुणी पाहिलंय?"

हिल्डा सटक्लिफ उभी राहिली. "मी पाहिलंय, सर. तुम्हाला दिसलं नसेल. तुम्ही तोवर चॅपेलमध्ये पोचला होतात."

क्रॅबट्रीने वेताची छडी काढली.

"हात पुढे कर."

दारातून खोकला ऐकू आला. मिस होल्डन नुकत्याच कामावर परतल्या होत्या. "तिचं व्याकरण चुकलंय का, सर?"

"तुम्ही तुमच्या वर्गात जा."

"जाते. आधी कुठे चुकलं ते सांगा. डोळ्यांनी पाहिलं म्हणतेय ती."

त्या येऊन हिल्डाच्या आणि छडीच्या मधे उभ्या राहिल्या. क्रॅबट्रीचा चेहरा लाल झाला. त्याने छडी टेबलावर ठेवून दिली. हिल्डाच्या हाताला काही लागलं नाही.

बाईंना लागलं. उद्धटपणाचा ठपका ठेवून सत्र संपताच त्यांना काढलं. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही. बाई बॅग घेऊन स्टेशनकडे निघाल्या तेव्हा पोरं त्यांच्यामागून चालत गेली. मी खिडकीतून पाहत होते.

क्रॅबट्रीने उदाहरण तेवढं बदललं. तो विचारू लागला, "सत्य कुणी पाहिलंय?" यावर कुणी उभं राहिलं नाही.

नंतर शाळेत विजेची घंटा आली आणि मला भंगाराच्या भावात काढलं. आता मी एका पबच्या फळीवर असते. बंद व्हायच्या वेळी मालक मला वाजवतो. तिसऱ्या ग्लासानंतर इथेही निष्ठा, मैत्री, देशप्रेम अशी नामं टेबलावर सांडतात. फडकं मारून पुसावी लागतात. तुम्ही काही वेगळे असाल असं मला वाटत नाही.

तेव्हा वेळ झाली. ग्लास संपवा, कोट घाला आणि आपापल्या घरी जा.