हलकं झालेलं हँडल

मित्रांनो, खिडकीच्या कट्ट्यावर चिंधीवर ठेवलेला हा जुना तेलपंप म्हणजे मी. लोखंडी डबा, तेल दाखवणारी काच आणि वर ओढायचं हँडल, एवढाच माझा संसार. एका मिलिंग मशीनच्या कुशीला मी एकतीस वर्षं बसलो होतो. धातू कापला की कौतुक कटरचं, माप जुळलं की कौतुक कारागिराचं. माझं नाव कोणी काढत नसे, आणि खरं सांगतो, मला त्याचं थोडं वाईट वाटे.

माझं काम तसं साधंच. सकाळी हँडल ओढलं की माझ्या पोटात तेल भरे. मग आतली स्प्रिंग ते बारीक नळ्यांतून सावकाश ढकले, आणि ज्या पट्ट्यांवर मशीनचं जड टेबल सरकतं त्यांच्यावर तेलाचा पातळ थर चढे. हँडल खाली यायला काही मिनिटं लागत. तेवढ्यात आमचे मिस्त्री चहा संपवत, पट्टीवरून एक बोट फिरवत, त्या बोटाकडे बघत आणि मगच मशीन सुरू करत.

पुढे मिस्त्रींच्या हाताला कंप सुटला, ते घरी बसले आणि मशीन त्यांच्या लेकीकडे आलं. ती आधी शेजारच्या ड्रिल मशीनवर होती. पोरगी कामाला वाघ! हँडल ओढायला एक दिवस विसरली नाही. बोट मात्र ती फिरवत नसे. बाबा मशीनला लाडाने गोंजारतात, असंच तिला लहानपणापासून वाटत आलं होतं.

आणि माझ्या आतलं वॉशर झिजलं. तेल पुढे जाईना, माझ्या डब्यातच परत येऊ लागलं. हँडल ओढायला हलकं झालं आणि सोडताच झटकन खाली येऊ लागलं.

"हात बसला बघ माझा," ती फिटरला म्हणाली. "आता कसं सहज ओढलं जातं!"

माझा जीव वर-खाली होत होता. काचेतलं तेल महिनाभर तसूभरही उतरलं नव्हतं, पण काच भरलेली दिसली की कोण कशाला चौकशी करतो?

एक दिवस टेबल करकरू लागलं. कापलेल्या धातूच्या तुकड्यावर लाटा उठल्या. फोरमन म्हणाले, "हे मशीन नवीन हाताला मानत नाही. उद्यापासून तू परत ड्रिलवर."

दुपारी तिने वडिलांना बोलावून घेतलं.

"तेल देतेस ना?" मिस्त्रींनी विचारलं.

"रोज देते, बाबा. आईशप्पथ!"

त्यांनी कापरं बोट पट्टीवरून फिरवलं आणि तिच्यापुढे धरलं. बोट कोरडं ठणठणीत होतं.

"हे बघत होतीस का?"

"हे? तुम्ही तर मशीनला गोंजारायचात ना?"

मिस्त्रींनी बोट खाली घेतलं. "अगं, तेल पोचलं का ते बघायचो मी. इतकी वर्षं केलं की तुला सांगायचंच राहून गेलं." मग ते फोरमनकडे वळले. "साहेब, चूक तिची नाही. शिकवणाऱ्याची आहे."

टेबल काढलं तेव्हा पट्टीवर चार ओरखडे दिसले. मला लाज वाटली. फिटरने मला खोलून नवं वॉशर घातलं, पण माझी आतली भिंतच झिजली होती. हँडल पुन्हा झटकन खाली आलं. त्याने मान हलवली आणि माझ्या जागी नवा पंप बसवला. तीन ओरखडे घासून गेले. चौथा खोल होता, तो राहिला. लेकही त्या मशीनवर राहिली.

मित्रांनो, तुम्हीही कोणाला काही देत असाल, झाडाला पाणी म्हणा, आजीला औषध म्हणा, तर दिलं म्हणून वळू नका. ते पोचलं का, तेवढं बघा. आणि कोणाला काम शिकवाल तेव्हा तुमच्या बोटांना ठाऊक असलेलं तोंडानेही सांगा.

नव्या पंपाचं हँडल छान सावकाश उतरतं. तरी ती रोज बोट फिरवते. चौथ्या ओरखड्यापाशी ते क्षणभर थांबतं. मग ती बोट बघते, खिडकीपाशी येते आणि माझ्याखालच्या चिंधीला पुसते. तेवढंच तेल आता माझ्या वाट्याला येतं, आणि रोज सकाळी मी त्याची वाट बघतो.