भैयाजींच्या वाट्याची शिवी

गोकुळाबाईच्या जिभेला हाड नाही, हे अख्ख्या अहेरीला ठाऊक. मासे विकता विकता गिऱ्हाइकावरही गाणं जुळवेल अशी बाई! मग लेकीच्या लग्नात गप्प बसते होय? डिंपलच्या सासऱ्याला, म्हणजे आपल्या इवायाला, तिनं भर पंगतीत गाण्यातून शिव्या घातल्या:

"पंगतीत बसला भैयाजी, मिशीले लावते तूप,
भाताचा गंज रिकामा, तरी म्हनते वाढा खूप!"

रीतच आहे तशी. भैयाजींनीही रीतीप्रमाणं हसतहसत तिला लुगडं दिलं. शूटिंगवाल्या सरफराजनं ते गाणं हौसेनं इंटरनेटवर टाकलं, लोकांनी फुकट पाहावं म्हणून.

आणि दिवाळीच्या तोंडावर बाजारात पाहते तर काय, सीडीवाल्याच्या टीव्हीवर लग्नाच्या पंगतीत ती स्वतःच नाचून राह्यलेली! कुण्या कंपनीनं गाणं उचलून विकायला काढलेलं, सीडीवर गॉगलवाल्या भलत्याच बाईचा फोटो. माय वं! मांडवात शिवी देणं वेगळं, गावोगाव विकणं वेगळं. भैयाजी बिघडले तर पहिल्या दिवाळीला डिंपलला माहेरी धाडतील काय? गाणं ऐकायचीही हिंमत झाली नाही. टोपली उचलून वळली, तर समोर भैयाजीच, हातात तीच सीडी.

"इवाईबुवा, मी नाई विकलं जी! आईची आन!"

"थे सोडा, ईनबाई. गानं आयकलं काय? थे मले मंगरू म्हनते!"

गोकुळानं टीव्हीकडे कान दिला. खरंच की. चोरी लपवायला कंपनीनं 'भैयाजी' पुसून भलत्याच आवाजात 'मंगरूजी' घुसडलं होतं. भैयाजी रागानं लाल झाले होते. "शिवी माही, लुगडं मी देल्लं, अन् मान मंगरूले? कोन हाय हा मंगरू?"

गोकुळाला आधी हसू फुटलं, मग राग आला. तरातरा सीडीवाल्यापुढं जाऊन उभी राहिली.

"नेटवर फुकट पडलं होतं, बाई," तो म्हणाला. "कंपनीनं उचललं."

"तलाव उघडा दिसते म्हून मासे बेवारशी असतेत काय रे? इचारलं असतं त हसत देल्लं असतं! नाव सांग तुहं. तुह्यावरच गानं करतो."

सीडीवाला याच झाडीपट्टीतला. गोकुळाच्या गाण्यात नाव गेलं की जन्मभर सुटत नाही, हे तो जाणून होता. "नाव कायले पायजे, बाई?" म्हणत त्यानं टीव्ही बंद केला, सीड्या पोत्यात कोंबल्या आणि धूम ठोकली.

जमलेले लोक मात्र हटेनात. मग गोकुळानं भर बाजारात गाणं म्हटलं, खऱ्या नावानिशी. नाव आलं की भैयाजी हात वर करून सांगत, "मीच थो! मीच!"

गाणं संपलं तशी तिनं भीतभीत दिवाळीचं विचारलं.

"डिंपलले मीच घेऊन येतो," भैयाजी म्हणाले. गोकुळाच्या डोळ्यांत आनंदानं पाणीच आलं. "पन ईनबाई, एका कडव्यात माहं भागत नाई. यंदा पोटभर शिव्या द्या."