अंबाड्यातला काटा

काट्याच्या टोकाला चांदीचं फूल, पाच पाकळ्यांचं, आणि फुलाखाली डाक देऊन जोडलेली जागा – काळपट, मुगाएवढी. शिसं. बाहीत दडवलेल्या त्या डागावरून कुनिओचा अंगठा सारखा फिरत होता. भट्टीवरची ज्वाळा हिरवट झाली होती. तांबं वितळलं होतं, कथील त्यात विरलं होतं, रस तयार व्हायला फार वेळ नव्हता.

देवळाची नवी घंटा आज ओतायची होती. गावकरी रांगेत उभे होते, गेलेल्या माणसाचं काहीतरी हातात घेऊन – आरसा, बटण, केसांचा काटा. ते रसात पडलं की माणूस घंटेतून बोलतो, असं सगळे मानतात. आणि उस्तादांनी कुनिओला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं: वस्तू दोन्ही हातांनी घ्यायची, कपाळाला लावायची, आणि शिसं दिसलं तर भट्टीकडे वळता वळता बाहीत सोडायची. शिशाने घंटेचा गळा बसतो. "लोकांना रडू दे, घंटेला खोकला नको," म्हणायचे.

एकतीस वर्षांपूर्वी हाच काटा सातोएने अशाच रांगेत उभं राहून त्याच्या हातात दिला होता. तिच्या आईचा. तेव्हा ती त्याची कुणी नव्हती... काटा बाहीत गेला. पुढे लग्न झालं, आणि दर ओबोनला, पितर घरी येतात तेव्हा, ती त्याला तेव्हा ओतलेल्या त्या घंटेखाली घेऊन जायची, डोळे मिटून उभी राहायची. "अहो, ऐकलंत? आई आज खुशीत आहे." आणि मी काय ऐकत होतो – नाद कुठे फाटतोय का, एवढंच. सांगायचं होतं. दर वर्षी सांगायचं होतं... मग वाटायचं, एवढी सुखात आहे, कशाला. मार्चमध्ये ती गेली आणि सांगायचं राहूनच गेलं.

आज काटा रसात टाकायचाच, असं ठरवून तो घरून निघाला होता. दोन टन रस. मुगाएवढ्या शिशाने काय बिघडणार होतं? – आणि तेव्हा तरी काय बिघडलं असतं? इतक्या वर्षांत हे त्याने स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

रांगेत शेवटी मिसुमीआजी होत्या. त्यांचा मुलगा समुद्रावर गेला तो परत आला नव्हता. त्यांनी त्याच्या गळाचं वजन पुढे केलं, सुपारीएवढं, नुसतं शिसं.

"आत जाईल ना रे बाबा? की तुम्ही लोक बाजूला काढता?"

"जाईल," कुनिओ म्हणाला.

तो वळला. बाही सवयीने उघडली होती. त्याने हात लांब केला आणि वजन रसात सोडलं. क्षणभर खळगा पडला आणि मिटला. आजी मागे तशाच उभ्या होत्या.

आता काटा. काटा बोटांत आला... आणि बोटं उघडेनात. आई त्या जुन्या घंटेत होती, सातोएने ती ऐकली होती; तिला तिथून काढून इथे आणणारा मी कोण? साच्याकडून हाक आली, रस ओतायची वेळ झाली होती. त्याने काटा पुन्हा बाहीत ठेवला.

ओबोनला अजून दोन महिने होते. या वेळी जुन्या घंटेखाली त्याला एकट्यालाच जावं लागणार होतं. आणि नाद कुठे फाटतोय हे न बघता नुसतं ऐकायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.