अठ्ठ्याऐंशीवं घर

महाड ते पोलादपूर, अठरा किलोमीटर.

सरिताच्या वहीत एकशे अठरा घरं. मूलद्रव्यागणिक एक, आणि घरात त्याच्याशी नातं सांगणारं टपाल तिकीट. ऐंशीव्या घरात, पाऱ्याच्या, पाऱ्यावर संशोधन करणारे प्रफुल्लचंद्र राय. पहिल्या वहीचा दोन हजार एकवीसच्या महाडच्या पुरात लगदा झाला. महाड एमआयडीसीतल्या प्रयोगशाळेची नोकरी सांभाळत तिनं ही दुसरी भरत आणली. अठ्ठ्याऐंशीवं घर, रेडियमचं, मात्र रिकामं. तिथं हवं अडुसष्ट सालचं वीस पैशांचं मेरी क्युरींचं तिकीट.

दुपारी पाळी सुटली आणि येसूआत्याचा फोन.

"सरे, तुझी ती बाय गावली गो! ह्यांच्या जुन्या पत्राच्या पाकिटावर हाय."

"आत्या! हात लावू नकोस, मी आलेच!"

"सावकाश ये. पोलादपुरात हाय मी. लॅमिनेशन करून ठेवते, भिजायला नको."

फोन कट.

अकरा.

पुरानंतर इकडे माणसं सगळंच प्लास्टिकात घालतात. सातबारा, लग्नपत्रिका, सासऱ्याचा फोटो. पण डिंक पाण्यात सुटतो, हे प्लास्टिक सुटत नाही! तापून एकदा चिकटलं की तिकीट मेलं. सरितानं स्कूटरची मूठ पिळली. पुढे ट्रक. आत्या फोन उचलेना.

चार. ट्रक गेला!

शून्य. लॅमिनेशनचं दुकान.

"अनिलदादा, थांबव!" ती रस्त्यावरूनच ओरडली.

"थांबवू काय, मशीन गिळतंय ते!" दुकानदार अनिल म्हणाला.

"उलटं फिरव!"

घर्र. पाकीट मागं आलं. डावीकडचा पत्ता प्लास्टिकात पक्का बसलेला. उजवीकडचं प्लास्टिक अजून सुटंच, आणि त्याखाली

जांभळट.

वीस पैसे.

क्युरीबाई!

सरितानं पत्ता आणि तिकीट यांच्या मधून कात्री चालवली.

"अर्धवटच रायलं गो," आत्या हळहळली.

"पत्ता तुझा, तिकीट माझं."

आत्यानं प्लास्टिकवरून बोट फिरवलं. मुंबईहून नवऱ्यानं तिरक्या अक्षरात लिहिलेलं तिचं नाव. सौ. येसूबाई. बोट तिथंच थांबलं.

मग म्हणाली, "नि परत पूर आला तर?"

"वही तुझ्याकडे ठेवते. वर, तुझ्या डोंगरातल्या घरात."

"ठेव की!" आत्या एकदम खुलली. "अनिल, जाड वही बसते का रे ह्या मशीनात?"

"आत्या!"